१९६८ ची फियाट, मूळ रेडिओ आणि नवी ध्वनियंत्रणा: एक प्रकरण अभ्यास

पुण्यातील एका कुटुंबाकडे १९६८ पासून असलेली फियाट ११०० डिलाइट हा या अभ्यासाचा विषय आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात हे मॉडेल १९६४ पासून तयार होऊ लागले आणि पुढे तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात सर्वांच्या परिचयाची झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची सलग बैठक आणि डॅशबोर्डच्या मधोमध दोन बटनांचा, फक्त मध्यम लहरी पकडणारा ट्रान्झिस्टर रेडिओ, अशी ही गाडी आजही चालती आहे. रेडिओ गाडीबरोबरच घेतलेला असून त्याची पावती आणि तेव्हा रेडिओसाठी लागणाऱ्या, पोस्टातून काढलेल्या लायसन्सचे पुस्तक घरच्या कागदपत्रांत जपलेले आहे.

मालकांची मागणी नेमकी होती. वर्षातून एकदोनदा ही गाडी घाट उतरून कोकणात किंवा महाबळेश्वरला जाते. त्या प्रवासात फोनमधील जुनी गाणी नीट ऐकू यावीत, मात्र आत बसलेल्या माणसाच्या नजरेला नवे काही पडू नये, पत्र्याला एकही नवे भोक पडू नये आणि वडिलांनी घेतलेला रेडिओ वाजता राहावा. यातील शेवटची अट ऐकताना सर्वांत सोपी वाटली आणि कामात तीच सर्वांत अवघड ठरली.

मूळपणाची कसोटी कोणती मानायची, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घेतले. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत असे म्हटले आहे की वापरासाठी काही बदल करावाच लागला तर तो डोळ्यांत भरणारा नसावा, मूळ द्रव्याला आणि रूपाला धक्का लावणारा नसावा, पुन्हा काढून टाकता यावा आणि उतरवलेले मूळ भाग गाडीसोबतच जपावेत. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. ध्वनियंत्रणा या व्याख्येत थेट येत नाही. तरीही दारात किंवा डॅशबोर्डमध्ये करवत चालली की तो बॉडीचाच प्रश्न होतो, आणि पुढे तपासणीच्या वेळी त्याचे उत्तर मालकालाच द्यावे लागते. म्हणून आम्ही एकच कसोटी धरली: बसवलेली प्रत्येक वस्तू साध्या हत्यारांनी उतरवता आली पाहिजे आणि उतरवल्यावर तिची खूण मागे राहता कामा नये.

गाडी कामाला घेतली तेव्हाची स्थिती

ऐंशीच्या दशकात कोणीतरी या गाडीत कॅसेट प्लेअर बसवला होता. तो केव्हाच निघून गेला, पण मागच्या काचेखालच्या पत्र्यात लंबगोल स्पीकरसाठी कापलेली दोन भगदाडे तशीच राहिली होती. डॅशबोर्डखाली जुन्या वायरिंगला ब्लेडने सोलून जोडलेले आणि चिकटपट्टी गुंडाळलेले चार सांधे सापडले. रेडिओचा मूळ स्पीकर जागेवर होता, मात्र त्याचा कागदी कोन कडेने फाटला होता. रेडिओ लागत असे, डायलचा दिवाही पेटत असे; आवाज मात्र घोगरा आणि सतत गुणगुणणारा होता.

मागची भगदाडे हा खरा विचार करायला लावणारा भाग होता. ती बुजवून पत्रा पूर्ववत करावा असे एक मत होते, आणि शुद्धतेच्या दृष्टीने ते बरोबरही होते. पण पत्रा वेल्ड करायचा तर मागची काच, तिचे रबर आणि छताच्या अस्तराची कड काढावी लागली असती, आणि पन्नास वर्षे जागेवर टिकलेले मूळ अस्तर त्यात फाटण्याचा धोका मोठा होता. एक जुनी जखम भरण्यासाठी दुसरी मूळ वस्तू पणाला लावणे मला पटले नाही. ती भगदाडे आहेत तशी ठेवून नव्या स्पीकरसाठी वापरायची, फाइलमध्ये त्यांची स्वच्छ नोंद करायची आणि कधी काळी छताचे अस्तर बदलायची वेळ आलीच तर तेव्हा पत्रा भरायचा, असा निर्णय झाला.

तीन वाटा

अशा गाडीत नवा आवाज आणण्याच्या तीन वाटा सर्रास वापरल्या जातात. पहिली वाट म्हणजे मूळ रेडिओचे आतले सर्व काढून त्याच पेटीत ब्लूटूथ आणि एफएमचे आधुनिक सर्किट बसवणे. बाहेरून डायल, बटने, चमकती पट्टी सगळे तसेच राहते आणि परदेशात अनेक कारागीर हे काम सफाईने करतात. ज्या रेडिओचे आतले भाग आधीच गेलेले आहेत, त्याच्यासाठी ही वाट उत्तम आहे. चालत्या रेडिओसाठी ती मी कधीच सुचवणार नाही, कारण त्यात उरतो तो फक्त मुखवटा.

दुसरी वाट म्हणजे जुन्या धाटणीचा नवा प्लेअर. ब्लाउपुंक्टचा ब्रेमेन एसक्यूआर ४६ हा त्याचा परिचित नमुना आहे, आणि पोर्शेने २०२० मध्ये स्वतःच्या जुन्या मॉडेलांसाठी काढलेली यंत्रणाही याच जातीची. मात्र असे बरेच प्लेअर १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच अशा पुढे रूढ झालेल्या खाचेच्या मापाचे असतात. दोन दांड्यांच्या जुन्या रेडिओसाठी डॅशबोर्डमध्ये दोन छिद्रे आणि मध्ये एक छोटी चौकट एवढीच जागा असते. तिथे खाचेच्या मापाचा प्लेअर बसवायचा म्हणजे पत्रा कापायचा. भारतातील कितीतरी फियाटांचे आणि ॲम्बेसेडरचे डॅशबोर्ड नेमके याच कारणाने कायमचे बिघडले आहेत.

तिसरी वाट आम्ही घेतली: रेडिओला हात न लावता त्याच्या शेजारी पूर्ण स्वतंत्र, दडवलेली यंत्रणा उभी करायची. पुढच्या बैठकीखाली छोटा ॲम्प्लिफायर, ग्लोव्ह बॉक्समध्ये ब्लूटूथ रिसीव्हर, आणि स्पीकर अशा ठिकाणी जिथे पत्र्याला हात लावावा लागत नाही.

विजेचा हिशेब

स्पीकर कोणते घ्यायचे याआधी डायनामो किती देतो हे पाहावे लागते. या गाडीत अल्टरनेटर नाही, डायनामो आहे, आणि इंजिन मंद फिरत असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे सगळे ओझे बॅटरीवर पडते. रात्रीच्या पावसाळी प्रवासाचा हिशेब मांडला. दोन हेडलाइट प्रत्येकी ४५ वॅटचे, म्हणजे ९० वॅट. मागचे-पुढचे छोटे दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरचे दिवे मिळून सुमारे ३० वॅट. इग्निशन कॉइल साधारण ४० वॅट आणि वायपरची मोटर जवळपास तेवढीच. बेरीज २०० वॅटची, म्हणजे १२ व्होल्टला १६ ते १७ ॲम्पिअर. ब्रेक दाबला की २१ वॅटचे दोन दिवे आणखी साडेतीन ॲम्पिअर ओढतात. यानंतर संगीतासाठी उरते ते फार थोडे.

बाजारात ‘हजार वॅट’ असे छापलेले ॲम्प्लिफायर मिळतात. अशा गाडीत त्यांचा काही उपयोग नाही. आम्ही क्लास डी प्रकारचा, चार चॅनेलचा, प्रत्येक चॅनेलला खरे ४० वॅट देणारा छोटा ॲम्प्लिफायर निवडला. जुन्या क्लास एबी प्रकारात जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत जाते, तर क्लास डीमध्ये ८० टक्क्यांहून अधिक वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. गाणी सर्वसाधारण आवाजात वाजत असताना त्याची सरासरी मागणी दोन ते चार ॲम्पिअर राहते, आणि तेवढे ओझे हा डायनामो चालत्या गाडीत पेलतो.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवण्याचा सल्ला काही जाणकारांनी दिला. डायनामोच्याच आकाराच्या कवचात दडवलेले अल्टरनेटर परदेशात मिळतातही. मालकांनी नकार दिला, आणि या मर्यादित गरजेसाठी तो नकार योग्य होता. मोठा सबवूफर, म्हणजे फक्त खोल आवाजासाठीचा स्पीकर, हवा असता तर मात्र उत्तर वेगळे आले असते.

ॲम्प्लिफायरची मुख्य वायर बॅटरीवरून थेट घेतली आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज लावला. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागू नये, यासाठी फ्यूज बॅटरीजवळच असावा लागतो. ती वायर आत नेण्यासाठी स्पीडोमीटरच्या केबलचे मूळ रबरी ग्रोमेट, म्हणजे पत्र्याच्या छिद्रातले कडे, वापरले. ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ४.४ मिलिओहम असतो. तीन मीटर लांबीत ८ ॲम्पिअरला जेमतेम ०.१ व्होल्ट घटतो, त्यामुळे याहून जाड वायरीची गरज नव्हती.

आणखी एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. ब्लूटूथ रिसीव्हर आणि ॲम्प्लिफायर बंद असतानाही थोडी वीज पितात. ही गळती ३० मिलिॲम्पिअर धरली तरी दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-तास होतात, आणि महिनाभर गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीची ४० ॲम्पिअर-तासांची बॅटरी चार आठवड्यांत निम्मी रिकामी होते. म्हणून सगळी नवी यंत्रणा इग्निशनच्या चावीवर चालणाऱ्या रिलेमागे, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचमागे, ठेवली. रिलेला चालना देणारी वायर फ्यूजबॉक्सवर दुहेरी लगने जोडली. मूळ वायरीचे आवरण कुठेही सोलले नाही. ऐंशीच्या दशकातले ते चार सांधेही या निमित्ताने काढून वायरिंग मूळ रंगांच्या वायरींनी पूर्ववत केले.

स्पीकरची जागा

दारांच्या पॅडवर मूळ रेक्झिन आणि मूळ शिवण आहे. तिथे स्पीकर बसवले असते तर आवाज चांगला आला असता, यात शंका नाही. पण कापलेले दारपॅड पुन्हा जोडता येत नाही. त्याऐवजी डॅशबोर्डखाली, पाय ठेवायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, चार इंची स्पीकरसाठी मरीन प्लायच्या दोन लहान बंद पेट्या तयार केल्या. प्रत्येक पेटीचे आतले आकारमान सुमारे दोन लिटर आहे. तिचा तळ बाजूच्या पत्र्याच्या बाकानुसार घासून बसता केला, वरून गाडीच्याच छटेचे रेक्झिन चढवले आणि बाजूचे अस्तर धरून ठेवणाऱ्या मूळ स्क्रूंच्या जागीच थोडे लांब स्क्रू वापरून पेटी पक्की केली. मूळ स्क्रू एका पाकिटात, कोणता कुठला हे लिहून ठेवले आहेत. स्पीकरचा रोख समोरच्या बाजूच्या प्रवाशाच्या डोक्याकडे किंचित वर वळवला, कारण पायाशी सरळ रोखलेला आवाज बैठकीच्या गादीत विरतो.

मागच्या दोन भगदाडांत सहा बाय नऊ इंची स्पीकर आले. त्यांच्यावरच्या फळीचे मूळ हार्डबोर्ड कॅसेटच्या काळातच नाहीसे झालेले होते, म्हणून नवी फळी करताना तिला स्पीकरच्या वर बारीक छिद्रांची जाळी पाडून संपूर्ण फळीवर आवाज आरपार जाऊ देणारे कापड ताणले. बाहेरून पाहिले तर सपाट फळी दिसते.

सबवूफर टाळला. ही जुनी गाणी मुळात मोनो ध्वनिमुद्रित झालेली, गाणाऱ्याच्या आवाजाभोवती बांधलेली. त्यांत खोल घुमारा फारसा नाहीच. साठच्या वेगाने धावणाऱ्या फियाटमध्ये इंजिनाची आणि टायरची घरघर खालच्या पट्टीतच असते, आणि त्यावर सबवूफर घातला तर गोंगाट वाढतो, गाणे स्पष्ट होत नाही. पुढच्या स्पीकरना ९० हर्ट्झच्या खालचा आवाज जाऊ दिला नाही, मागच्यांना ६० पर्यंत मोकळे सोडले, आणि मागचा आवाज पुढच्याहून थोडा हळू ठेवला.

रेडिओ, आणि नव्या यंत्रणेने केलेला त्याचा घात

मूळ रेडिओची दुरुस्ती स्वतंत्रपणे झाली. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले होते. गुणगुण त्यांचीच होती. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, त्याच मूल्यांचे नवे कंडेन्सर मिळाले, जुने कंडेन्सर नाव लिहून पाकिटात ठेवले. आउटपुटला जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहे, आणि जर्मेनियम तापले की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की ते आणखी तापते. त्यामुळे त्याचा बायस, म्हणजे गाणे नसतानाही वाहणारा ठरावीक प्रवाह, थंड टेबलावर ठरवून भागत नाही, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डचा विचार करून तो थोडा कमीच ठेवावा लागतो. फाटलेल्या स्पीकरचा कोन बदलून मूळ चौकट आणि मूळ चुंबक कायम ठेवले. इथे एक इशारा द्यायलाच हवा: जुन्या रेडिओला हाताला येईल तो नवा स्पीकर जोडू नये, आणि स्पीकर सुटा असताना रेडिओ चालू करू नये. आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर ठरावीक रोधासाठी बनवलेला असतो, आणि चुकीच्या जोडणीने ट्रान्झिस्टर जळू शकतो.

यानंतर ठिणग्यांचा गोंगाट आला. मध्यम लहरींच्या रेडिओला इंजिनमधली प्रत्येक ठिणगी ऐकू येते. रोध असलेले स्पार्क प्लग लावले. ते दिसायला मूळ प्लगसारखेच असतात. कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलला कंडेन्सर लावला, पॉइंटकडच्या टर्मिनलला मुद्दाम लावला नाही, कारण तिथे तो इग्निशनच बिघडवतो. डायनामोची शिट्टी त्याच्या आउटपुटवर एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावून कमी झाली. हा कंडेन्सर फील्डच्या टर्मिनलला कधीही लावू नये. रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. एवढे करूनही टकटक उरली होती, आणि तिचे कारण बॉनेटमध्ये सापडले. रंगकामात बिजागऱ्यांवर रंगाचे थर चढल्यामुळे बॉनेट बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे पडले होते, आणि ठिणग्यांची लहर अडवणारे झाकण म्हणून त्याचा उपयोगच होत नव्हता. बिजागरीच्या मूळ बोल्टखाली विणलेल्या तांब्याची पट्टी दाबली आणि टकटक जवळपास थांबली. एरियलच्या बुडाशी गंजलेला पत्रा घासून अर्थिंग पक्के केले, आणि रेडिओच्या मागचा एरियल ट्रिमर, म्हणजे एरियल जुळवण्याचा स्क्रू, डायलच्या वरच्या टोकाला, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, एका क्षीण स्टेशनवर जुळवून घेतला.

आता रेडिओ स्वच्छ झाला असे वाटत असतानाच नवी अडचण समोर आली. ॲम्प्लिफायर चालू असताना नेमक्या आकाशवाणी पुणे केंद्रावर एक बारीक, कानात घुसणारी शिट्टी येऊ लागली. मुंबईच्या ५५८ वर मात्र ती नव्हती. क्लास डी ॲम्प्लिफायर सेकंदाला काही लाख वेळा वीज चालू-बंद करून काम करतो. आमचा ॲम्प्लिफायर ४०० किलोहर्ट्झच्या जवळपास चालतो, म्हणजे त्याच्या दुप्पट वारंवारतेची लहर ८०० च्या आसपास पडते, आणि पुणे केंद्र आहे ७९२ किलोहर्ट्झवर. दोन लहरींतला काही किलोहर्ट्झचा फरक कानाला शिट्टी म्हणून ऐकू येत होता. वायरींवर असा गोंगाट अडवणारी फेराइटची कडी चढवली, ॲम्प्लिफायर एरियलपासून दूर, बैठकीखाली उजव्या बाजूला सरकवला. शिट्टी मंद झाली, गेली नाही.

गॅरेजमधल्या ज्येष्ठ वायरमननी इथे सरळ प्रश्न विचारला, “साहेब, दोन्ही एकाच वेळी ऐकणार आहे कोण?” उत्तर त्यातच होते. पाच पिनांचा एक रिले घातला. त्याच्या सामाईक पिनेला चावीवर चालणारी वीज दिली. रिले निवांत असताना ती वीज मूळ रेडिओकडे जाते, आणि ग्लोव्ह बॉक्समधले छोटे बटन दाबले की रेडिओ बंद होऊन ॲम्प्लिफायर व ब्लूटूथ यांना मिळते. रेडिओच्या वायरीत कारखान्याचाच सुटा होणारा फ्यूजचा सांधा होता. जोडणी तिथेच केल्याने काही कापावे लागले नाही. रेडिओ लागतो तेव्हा नव्या यंत्रणेत विजेचा थेंबही नसतो आणि पुणे केंद्र शिट्टीशिवाय ऐकू येते. फोन चार्ज करणाऱ्या स्वस्त ॲडॉप्टरनेही मध्यम लहरींवर असाच खरखराट होतो, म्हणून चार्जरची वीजही याच बटनामागे नेली.

परिणाम आणि उरलेली कामे

काम संपल्यावर सगळी नवी यंत्रणा मुद्दाम एकदा पूर्ण उतरवून पाहिली. एका दुपारात ती निघाली, आणि मागच्या जुन्या भगदाडांखेरीज गाडीत तिची कोणतीही खूण दिसली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसवली. वायरिंगचा आराखडा, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि मूळ सुट्या भागांची पाकिटे एका पेटीत ठेवून ती डिकीत नव्हे, घरी ठेवली आहे, कारण डिकीत पावसाळ्यात ओल येते.

आवाजाबद्दल बोलायचे तर घाटात खिडक्या उघड्या असतानाही गाण्याचे शब्द कळतात, आणि पुढे बसलेल्याला आवाज डॅशबोर्डमधूनच येतो आहे असे वाटते. मर्यादाही आहेत. रात्रीच्या पावसात वायपर आणि हेडलाइट चालू असताना वाहतुकीत अडकले तर गाणी बंद करावी लागतात. बॅटरीच्या टोकांवरचा दाब १२.२ व्होल्टच्या खाली जाऊ लागला की ग्लोव्ह बॉक्समधला छोटा व्होल्टमीटर ते दाखवतो. व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचा विचार मालकांनी तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण त्या नोंदणीत गाडीचा वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरता मर्यादित होतो आणि कोकणचा प्रवास त्यात बसत नाही. एप्रिलच्या उन्हात रेडिओच्या आउटपुट ट्रान्झिस्टरचा प्रवाह पुन्हा एकदा मोजायचा आहे, आणि तो ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वर गेला तर ट्रान्झिस्टरखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून बायस आणखी थोडा खाली आणावा लागेल.